दार लाव, ऊब चाललीय

—आधी दार लाव. सताड उघडं टाकून उभी काय राहिलीस, ऊब चाललीय सगळी बाहेर. इस्पितळ झालं म्हणून काय ऊब फुकट येते? ... हां. लागलं. आता बस. तिथे नको, ती मार्लिसची खुर्ची — माझी मुलगी, काल पाहिलीस ना, ती खाली कॉफी आणायला गेलीय — तिच्या विणायच्या सुया आहेत त्यात, टोचतील कुठेतरी आणि बोंब माझ्या नावाने. स्टुलावर बस. तू ती कालचीच ना, मॉर्गन? मॉर्गन हे काय पोरीचं नाव आहे? आमच्या रेल्वे यार्डात एक मॉर्गन होता, दारातून आडवा होऊन आत यायचा, एवढा रुंद, आणि तंबाखू थुंकायचा ती थेट रुळावर. तेव्हापासून मॉर्गन म्हटलं की मला थुंकीच आठवते. घे, हे घाल तुझ्या प्रबंधात — रुग्ण रेइनो कांगास, म्हातारा, हेकट, मॉर्गन म्हटलं की थुंकी.

हसतेस काय? खरंच टाइप केलंस की काय? कठीण आहे तुमचं. नाही, मला राग नाही, राग कशाचा यायचाय — माणसाच्या कवटीला भोकं पाडायची, आत तारा सोडायच्या, बाहेर त्यांची शेपटी काढायची, ती शेपटी त्या खोक्यात खुपसायची आणि मग विचारायचं, मिस्टर कांगास, आज कसं वाटतंय? कसं वाटणार, खुंट्याला बांधलेल्या घोड्यासारखं वाटतंय. मुतायला जायचं तर खोकं काखोटीला मारून. आणि छतावरून तो कॅमेरा. आणि त्यावर कडी म्हणजे गोळ्या बंद. घरी होतो तेव्हा फिट येऊ नये म्हणून गोळ्या खा, गोळ्या खा, मार्लिस फोन करून विचारायची, बाबा गोळी घेतली का. इथे आणलं आणि म्हणाले, आता गोळ्या बंद, फिट आली पाहिजे. का? तर कुठून येते ते बघायचंय. आली की हे बटण दाबा. हे, हे, दोरीला टांगलंय ते. दाबलं की सगळे धावत येणार, आणि मेंदूतली जागा सापडली की ती जागा कापून काढणार. म्हणजे मी इथे शिकार येण्याची वाट बघत बसलोय, आणि शिकारही मीच. मार्लिसच्या हातात पण एक बटण देऊन ठेवलंय. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बसते, अंगठा बटणावर, हरणाच्या मोसमात मचाणावर बसल्यासारखी. मी नुसतं नाक खाजवलं तरी हिचा अंगठा हलतो.

नाही. नाही आली. इथे आल्यापासून एकही आली नाही. लिही, नाही आली. ... असं काय बघतेस?

बरं, काढ तुझी चित्रं. हातोडी, जिराफ, टोस्टर, छत्री — दाखव. मला एक सांग, हे शिकायला किती वर्षं कॉलेजात जावं लागतं? आधी म्हाताऱ्याला जिराफ दाखवायचा, मग जेवणानंतर येऊन विचारायचं, आजोबा, जिराफ बघितला होता का? आमच्याकडे हे काम वाकड्या तोंडाची शेजारीण करते, तेही न शिकता — काय रेइनो, परवा बाजारात कुणाबरोबर होतास? आणि माझं उत्तर चुकलं तर तू मान हलवतेस, बरोबर आलं तरी तशीच हलवतेस. तुला बरोबर-चुकीचं काही नाहीच. तुला फक्त ते तडतडणं हवंय.

हो, कालचं विसरलो नाही मी. ते डोक्यात आहे बरं का, पक्कं. मार्लिसने घरून फोटोंचं खोकं आणलं, बुटांचं खोकं, तू त्यातले काढून काढून पडद्यावर लावलेस आणि तो कर्णा चालू केलास — म्हणालीस, मिस्टर कांगास, तुमच्या मेंदूतली एक पेशी बोलते, ती ऐका. ऐकलं. पहिल्यांदा लावलास तो माझ्या आयलीचा फोटो. माझी बायको. सगळं आयुष्य एका छपराखाली काढलं आम्ही, तिच्या हातचं खाल्लं, तिच्या शिव्या खाल्ल्या, तिला पुरलं. आणि तुझा कर्णा? गप्प! मेलेल्या माशासारखा गप्प. मग कुत्र्याचा फोटो, गप्प. तळ्याचा, गप्प. मार्लिसचा लग्नातला, एखादं टक. आणि मग आला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा फोटो, खिडकीत तो पिवळा रेडिओ — आणि लागला की कर्णा तडतडायला, मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसा! तू खूश. मागे उभी मार्लिस म्हणते, बाबा, आईला काही नाही आणि रेडिओला एवढं? मस्करीच केली तिने, पण मला सांग, माणसाच्या थोबाडीत मारायची ही कुठली पद्धत? यंत्र बिघडलंय तुमचं. अगं, रेडिओ तो! आयलीला पुरून आलो, घर खायला उठलं, म्हणून गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून उचलून आणलेला, कोपरा तुटका. आयली असती तर घरात येऊ दिला नसता. ती म्हणायची, स्वयंपाकघरात बडबड नको, मला किटलीचं ऐकू येत नाही.

एक पेशी म्हणजे सगळं नाही? हो, ते पण सांगितलंस काल. म्हणालीस, कानाच्या मागे आत खोल एक घोड्याच्या तोंडाच्या माशासारखा तुकडा असतो, दोन्हीकडे एक-एक. तोच तो, ज्यावर सर्जनचा डोळा आहे, माझ्या उजवीकडचा. आणि म्हणालीस, आठवण त्याच्यात नसते. मग कुठे असते? तर रंग एकीकडे, आवाज दुसरीकडे, वास तिसरीकडे, कोण कुठे उभं होतं ते चौथीकडे, आणि हा मासा नुसता सगळ्यांना हाक मारून एकत्र करतो. मला वाटलं, ह्यासाठी कॉलेज? आख्खा जन्म मी तेच काम केलं. खाणीवरून येणारे लोखंडाच्या दगडाचे डबे, यार्डात एका रुळावर चार, दुसऱ्यावर दोन, पलीकडे कुठे एखादा रुसून बसलेला. गाडी अशी कुठे ठेवलेली नसते, पोरी. गाडी नसतेच. वरून हुकूम आला की आम्ही डबे हुडकायचे, ढकलायचे, कड्या अडकवायच्या, की झाली गाडी. बंदरावर जाऊन आली की पुन्हा तोडायची, डबे पुन्हा रुळांवर — आणि कधीच त्याच रुळावर नाही, जिथे जागा असेल तिथे. पुढच्या वेळेला तीच गाडी जोडली तरी तीच नसते. आणि घाईत एखादा परका डबा मध्ये अडकला तर कुणाच्या बापाला कळत नाही, गाडी धावतेय ना, मग झालं. आमच्याकडून एकदा गेला होता — लाकडाच्या भुशाचा डबा, दगडाच्या गाडीत, थेट बंदरापर्यंत. तिथे उघडला आणि फोरमनने आमची—

अगं, टाइप काय करतेस एवढं धाड धाड? मी यार्डाचं सांगतोय, मेंदूचं नाही. मेंदूतलं मला काय कळतंय? मी शाळा सोडली तेव्हा भागाकार यायचा होता अजून. तुम्हा लोकांचं एक आहे, म्हातारा काहीही बडबडला की डोळे चमकवायचे. म्हणजे काहीतरी महान बोलला. काही नाही बोललो. पुढचं चित्र लाव.

कुठलं? काल मध्येच मी गप्प झालो ते? झोप लागली. म्हातारी माणसं झोपतात. तीन चित्रांना उत्तर नाही दिलं म्हणजे काय आभाळ कोसळलं? सशाचं होतं का, त्यात काय सांगायचं, ससा होता. नव्हता? मग जे होतं ते. डोळे उघडे होते म्हणून काय झालं, माझा बाप डोळे उघडे ठेवून चर्चमध्ये झोपायचा. ओठ चाटत होतो? ती तुमची इस्पितळातली जेली, ओठांना चिकटते.

... काय? पुन्हा बोल.

तारांनी पाहिलं? काय पाहिलं?

वादळ, म्हणजे फिट. काल एक. परवा दोन. आज सकाळी, नाश्त्याच्या वेळेला एक. म्हणजे — हे सगळं तुमच्याकडे आहे? कागदावर? पहिल्यापासून आहे? आणि तुम्ही सगळे रोज येऊन मला भोळेपणाने विचारता, मिस्टर कांगास, काही आलं का? आणि मी सांगतो, नाही हो, आणि तुम्ही मान डोलावता, आणि बाहेर जाऊन हसत असाल खी खी करून! वा. चांगले लोक आहात. डॉक्टर म्हणवता. मी इथे चादरीखाली बटण लपवून चोरासारखा पडून राहतो, चेहरा हलू देत नाही, मार्लिसच्या डोळ्याला डोळा देत नाही, आणि हे शेपटीचं खोकं सगळं लिहून घेतंय. मग हे बटण कशाला लटकवलंय? शोभेला? नाताळच्या झाडाला बांधा ते!

माझ्यासाठी? मी काय पाहिलं ते सांगण्यासाठी. म्हणजे तारांना कळतं की वीज पडली. कुठे पडली तेही कळतं. पण त्या घरात कोण होतं ते नाही कळत. ... असं होय. चला, एक तरी गोष्ट आहे जी तुमच्या खोक्याला नाही कळत. बरं वाटलं ऐकून. कळणारही नाही. मी नाही सांगणार. मी कुठे होतो ते माझं मला माहीत आहे, स्वयंपाकघरात होतो, तुमच्या बापाच्या नाही, माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, त्यात तुमचं—

झालं. काढून घेतलंस तोंडातून. हुशार आहेस, मॉर्गन. त्या मॉर्गनला एवढं जमलं नसतं.

ठीक आहे. ऐक मग, पण टायपिंग बंद. हात मांडीवर ठेव. हं. आधी रबर जळाल्याचा वास येतो, टायर जळावा तसा घाण. मग पोटातून काहीतरी उसळून वर येतं, लिफ्ट खाली गेल्यावर होतं तसं. आणि मग मी आमच्या मागच्या दारात उभा असतो. तळ्याकाठचं घर. बाहेर कडाक्याची थंडी, माझ्या बुटांना बर्फ, आणि समोर आयली, पाठमोरी. मोरीपाशी सलगम सोलतेय. निळा स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. मानेवर केसांची एक बट सुटलेली, ओली. आणि मागे न बघता ती म्हणते, दार लाव, ऊब चाललीय बाहेर. बस, एवढंच. ना कुठली परी, ना कुठला देव. शेजारच्या खोलीतल्या पेशंटला म्हणे फिटमध्ये चर्चचा ऑर्गन ऐकू येतो, तो रडतो मग. मला माझी बायको खेकसते. पण नुसतं आठवतं तसं नाही गं ते. आत्ता तुला सांगतोय ते आठवणं, हे म्हणजे पाणी घातलेली कॉफी. ते तसं नसतं. तिथे मी असतो. नाकाला सलगमचा उग्र वास येतो, बुटातलं पाणी टाचेला लागतं.

आणि मी दार लावत नाही. माहीत आहे का लावत नाही? मुद्दाम. कारण ती एकदा सांगायची, पाठ फिरवून. दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली की मागे वळायची, सुरी हातात, आणि डोळे असे करून बघायची की मेलेला माणूस उठून दार लावील. म्हणून मी उभा राहतो दार उघडं टाकून. ती वळायला लागते. आधी खांदा हलतो. मग कान दिसतो. मग गालाची कड, इथपर्यंत, आणि — संपतं. प्रत्येक वेळेला तिथेच संपतं. डोळे उघडतो तर समोर मार्लिस किंवा कुत्रा. फोटो आहेत म्हणतेस? फोटोत ती दात दाखवते, फोटोवाला सांगतो म्हणून. माझ्याकडे बघून ती दात दाखवत नव्हती. मला तो चेहरा हवाय, चिडलेला. तो कुठल्या फोटोत नाही, आणि डोळे मिटून आठवायला गेलो तर येत नाही, फोटोच येतो, फोटोने मूळ चेहरा खाऊन टाकला. तो फक्त तिथे आहे. आज ना उद्या ती पुरती वळेल, आणि तेव्हा तुम्ही मला म्हणता, बटण दाबा, आम्ही धावत येतो? आणि तो मासा कापून बादलीत टाकतो? वा रे वा.

धोका आहे, माहीत आहे. हे बघ, बाही वर करतो. स्टोव्हवर हात टेकला होता, कळलं नाही, मांस भाजलं. आणि ते बोटीचं तर मार्लिसने सगळ्या गावाला सांगितलंय. गेल्या उन्हाळ्यात मी मासे धरायला गेलो, मोटार चालू, हात सुकाणूवर, आणि बोट तळ्याच्या मधोमध गोल गोल फिरत राहिली. धक्क्यावर माझा शेजारी वेंडेल उभा, तो म्हणतो, रेइनो सकाळीच प्यायला वाटतं, आणि टाळ्या वाजवतोय गाढव. मार्लिसही तिथेच. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती कपड्यांसकट पाण्यात उतरली होती कमरेपर्यंत आणि हाका मारत होती. मला काही ऐकू आलं नाही. बोट फिरत होती आणि मी स्वयंपाकघरात होतो. शेवटी इंधन संपलं, म्हणून थांबली. तेव्हापासून तिचं एकच — कापून घ्या, नाहीतर तळ्याचं घर विकू आणि तुम्ही शहरातल्या वृद्धाश्रमात. उद्या सकाळी सर्जन येणार, हो की नाही विचारायला. हो म्हटलं तर आयली जाते, नाही म्हटलं तर घर जातं. आणि घर नसलं तर तो स्वयंपाकघराचा दरवाजा तरी—

माझं सोड. तुझं तोंड असं का झालं? मघाशी चमकत होतीस, आता काय गिळलंस? बोल ना. स्वयंपाकघराच्या खिडकीत तेव्हा काय होतं म्हणून काय विचारतेस, खिडकीत काय असायचंय. बाहेर अंधार, काचेवर बर्फाची नक्षी, तिथे तिची रोपाची कुंडी, आणि शेजारी रेडिओ. बेसबॉलची मॅच लागलेली, बारीक आवाजात. मी तेच तर—

... 

पिवळा. हो. कोपरा तुटका.

थांब. थांब जरा. बोलू नकोस.

आधीही एक रेडिओ असेल. असायला काय झालं, घरात रेडिओ नसतो का कुणाच्या? ... नव्हता. ती येऊच द्यायची नाही. आणि कडाक्याच्या थंडीत बेसबॉल कुठला, बर्फात? मी इतक्या वेळा तिथे उभा राहिलो, आणि एकदाही मनात आलं नाही, की अरे शहाण्या, बाहेर बर्फ आहे आणि आत मॅच लागलीय! रेडिओ तर तिला पुरल्यावर आणला. मग तो तिच्या खिडकीत कुणी ठेवला? मीच ना. घाईत जोडला. रात्र रात्र एकटा बसायचो तिथे, तो चालू ठेवून, आणि तिला आठवायचो — आणि दर वेळेला गाडी तोडली, दर वेळेला जोडली, आणि एकदा केव्हातरी भुशाचा डबा अडकला मध्ये. आणि पुढे तोच धावतोय. वर तुझा कर्णा त्यालाच तडतडतो.

म्हणजे तो दिवस, असा कुठला दिवसच नव्हता? काय म्हणतेस — खूप दिवसांचा मिळून एक? हे बघ, मला समजावू नकोस. समजुतीच्या सुरात बोललीस तर स्टुलासकट बाहेर फेकीन. मी हात भाजून घेतला. मुलीला गार पाण्यात उभं केलं. कशासाठी? मीच जोडलेल्या गाडीसाठी! आणि ती वळत नाही, वळत नाही म्हणून मी वाट बघतोय — अगं वळणार कुठून? चेहऱ्याचा डबा यार्डातच नाही! तो केव्हाच गेला. कान आहे, गालाची कड आहे, त्यापुढे माझ्याकडे मालच नाही. हे त्या माशाला ठाऊक आहे, म्हणून तो तिथेच गाडी थांबवतो, दर वेळेला, आणि मी गाढव दार उघडं टाकून उभा. वेंडेलने टाळ्या वाजवल्या त्या बरोबरच वाजवल्या म्हणायच्या.

सगळं खोटं नसेल? तू नको सांगूस काय खोटं आणि काय खरं, तुझं काय वय. ... ती बट असेल खरी. सलगम तर शंभर टक्के खरं, तिने मला सलगमवरच जगवलं. आणि ते वाक्य. ते माझं नाही, ते मी जोडायचो नाही, मी असलं काही बोलतच नाही कधी.

काय? मी? केव्हा?

... तू आत आलीस तेव्हा.

हो. म्हणालो खरा. तेच म्हणालो, जसंच्या तसं. तुला, आणि सकाळी त्या नर्सला. मार्लिस पण म्हणते, कंबरेवर हात ठेवून, हुबेहूब, तिला कुणी शिकवलं नाही. तिची पोरगी तर मांजराला म्हणते. ती कधी आयलीला भेटलेली पण नाही. ... ते कुठे असतं? त्या माशात नसतं? कापलं तरी तोंडात राहतं? आणि बाकीचं — बट, स्वेटर — ते राहील की जाईल?

माहीत नाही. माहीत नाही म्हणालीस! आल्यापासून पहिलं सरळ बोललीस. एवढी भोकं पाडलीत, एवढे जिराफ दाखवलेत, आणि माहीत नाही. चला. निदान खोटं तरी नाही बोललीस.

बास झालं आता. उचल तुझं यंत्र, जा. मार्लिस येईल, कॉफी घेऊन, आणि माझं तोंड बघून विचारत बसेल, बाबा काय झालं. तिला काही सांगू नकोस. सर्जनला काय सांगायचं ते मी सांगीन, माझ्या जिभेला तारा नाहीत लावल्या अजून. जा म्हटलं ना. आणि जाताना दार—

थांब.

तुला वास येतोय का? रबराचा? ... नाही येत. नाहीच येणार तुला.

बस खाली. मार्लिसचं बटण राहू दे, माझं कुठंय, ह्या चादरीत — सोड, मला सापडतंय — हे. हे बघ. दाबलं. ऐकलीस टिकटिक? मी दाबलं, मार्लिसने नाही, तिला तसं सांग. आता टाइप कर, मघाशी करत होतीस ना धाड धाड, आता कर. पोटातून वर आलं. दार. बर्फ आहे बुटाला. ती मोरीपाशी. निळा स्वेटर, लिही. बट लिही. रेडिओ आहे, मेला, तोही लिही, पण पुढे लिही की तो हिचा नाही. ... आता बोलेल बघ ती. आता— हो गं. ऐकलं. उभा नाही राहत आज, ओरडायला वळू नकोस, तुझं चालू दे — लावतो. हे बघ, लावतोय, लाव